भरवसा : यरुशलेमचे दोन वेढे आणि एका हिब्रू शब्दाची परीक्षा

१/
इ.स.पू. ७०१. यरुशलेमच्या तटाबाहेर, वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या सडकेवर अश्शूरच्या सम्राटाचा एक अधिकारी येऊन उभा राहिला. तटावर लोक दाटीने जमले होते. त्याच्या बोलण्याचा सारा रोख एकाच प्रश्नावर होता : तुमचा भरवसा आहे तरी कशावर?

पुढील ११५ वर्षांत या नगराला हा प्रश्न दोनदा सोडवावा लागला. पहिल्या वेळी नगर वाचले. दुसऱ्या वेळी ते जळून खाक झाले. हिब्रू शास्त्रातील ‘देवावरचा भरवसा’ म्हणजे नेमके काय, हे या दोन वेढ्यांच्या मधल्या काळात ठरत गेले. त्याचा हा धागा.

२/
आधी दोन शब्द. हिब्रूत ‘बाताख’ म्हणजे एखाद्यावर भार टाकून निर्धास्त होणे, भरवसा ठेवणे. दुसरा शब्द ‘एमुना’. त्याचे भाषांतर बहुधा ‘विश्वास’ किंवा ‘श्रद्धा’ असे होते. पण त्याचा मूळ अर्थ स्थैर्य, टिकून राहणे असा आहे.

निर्गमाच्या ग्रंथात अमालेकी लोकांशी झालेल्या लढाईचा प्रसंग येतो. हात वर धरून मोशे थकतो, तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात सावरतात आणि सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या स्थिरतेसाठी तेथे ‘एमुना’ हाच शब्द आहे. प्रार्थनेच्या शेवटी येणारा ‘आमेन’ही याच धातूपासून आला. म्हणजे मनातल्या मान्यतेपेक्षा टिकाव हा अर्थ या शब्दात जुना आहे.

३/
आता राजकारण. यहूदा हे डोंगराळ प्रदेशातील लहानसे राज्य होते. त्याच्या उत्तरेला इस्राएलचे राज्य, दक्षिणेकडे मिसर आणि ईशान्येला वाढत चाललेली अश्शूरची सत्ता.

इ.स.पू. ७३४च्या सुमारास दमास्कस आणि इस्राएल या दोन राज्यांनी मिळून यहूदावर चाल केली. राजा होता आहाज. तो वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, बहुधा वेढ्यापूर्वी पाण्याची व्यवस्था पाहायला गेला असता, यशया हा संदेष्टा त्याला भेटला. जागा तीच : परटाच्या शेताची सडक. दोन्ही प्रसंगांत या जागेचे वर्णन जवळपास त्याच शब्दांत येते.

४/
यशयाने आहाजला घाबरू नकोस असे सांगितले आणि एक शब्दखेळ केला. ‘विश्वास ठेवणे’ आणि ‘टिकून राहणे’ या दोन्ही क्रियापदांची रूपे त्याने एकाच धातूपासून घेतली : ज्याचा विश्वास डळमळेल, तो स्वतःही डळमळेल.

आहाजने वेगळा मार्ग धरला. मंदिरातील आणि राजवाड्यातील सोने-रुपे काढून त्याने अश्शूरचा सम्राट तिग्लथ-पिलेसर तिसरा याला पाठवले आणि त्याचे मांडलिकत्व पत्करले. संकट टळले, पण त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली. कोल्ह्याला हाकलण्यासाठी वाघाला आवतण दिल्यासारखे ते झाले.

५/
इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली. तेथील लोकांना उचलून साम्राज्याच्या दूरच्या भागांत नेऊन वसवले. पराभूत समाजाला मुळापासून उपटून टाकणे ही अश्शूरची ठरलेली रीत होती.

या काळात यरुशलेम झपाट्याने वाढले. उत्तरेकडून आलेले निर्वासित हे त्याचे एक कारण मानले जाते. पश्चिमेकडच्या टेकडीवर नवी वस्ती उभी राहिली. आहाजचा मुलगा हिज्कीया गादीवर होता. इ.स.पू. ७०५मध्ये अश्शूरचा सम्राट सार्गोन दुसरा युद्धात मारला गेला, तेव्हा अनेक मांडलिकांनी मान वर केली. हिज्कीया त्यांपैकी एक होता.

६/
हिज्कीयाने केवळ प्रार्थना केली नाही. त्याने तयारी केली आणि त्या तयारीच्या खुणा आजही जमिनीत आहेत.

यरुशलेमच्या जुन्या भागात नाहमान अविगाद यांच्या उत्खननात सुमारे ७ मीटर रुंदीची एक भिंत सापडली. ती बांधताना वाटेतली घरे पाडल्याचे दिसते. यशयाच्या ग्रंथातही तटासाठी घरे पाडल्याचा उल्लेख आहे. दुसरी खूण म्हणजे गीहोन झऱ्याचे पाणी नगराच्या आत आणणारा ५३३ मीटर लांबीचा बोगदा. खडक फोडून काढलेला हा बोगदा हिज्कीयाचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

७/
१८८० साली या बोगद्याच्या भिंतीवर एक कोरीव लेख सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दोन बाजूंनी खोदत आलेल्या कामगारांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले आणि शेवटी पाणी कसे वाहू लागले, याचे वर्णन त्यात आहे.

त्या लेखात राजाचे नाव नाही आणि देवाचेही नाही. आहे ती केवळ टिकाव मारणाऱ्या माणसांची आठवण.

८/
यशयाला या तयारीचे मोठे कौतुक नव्हते. त्याचा आक्षेप मात्र नीट समजून घ्यायला हवा. भिंत बांधू नका, असे तो म्हणत नाही. तळी बांधली, तट उभारले, पण हे सारे ज्याने घडवले त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, ही त्याची तक्रार आहे.

त्याचा खरा राग मिसरशी केलेल्या करारावर होता. घोडे आणि रथ पुष्कळ आहेत म्हणून त्यांच्यावर विसंबणाऱ्यांना तो बजावतो की मिसरी हीसुद्धा माणसेच आहेत. येथेही ‘बाताख’ हाच शब्द येतो. माणूस भरवसा ठेवतो की नाही, हा यशयाचा प्रश्नच नाही. प्रत्येक जण कशावर तरी भार टाकतोच. तो भार कशावर, हे यशया विचारतो.

९/
इ.स.पू. ७०१मध्ये सन्हेरीब आला. यहूदाची तटबंदीची नगरे एकामागून एक पडली. त्यांत सर्वांत मोठे लाखीश, यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर.

अश्शूरांनी तटाला भिडवलेला दगडमातीचा उतार तेथे आजही दिसतो. उत्खननात शेकडो बाणाग्रे आणि गोफणीचे दगड मिळाले. सन्हेरीबने निनवेच्या आपल्या राजवाड्यातील एका दालनात हा वेढा दगडी शिल्पपटांवर कोरून घेतला : उतारावर चढणारी यंत्रे, सुळांवर टांगलेली माणसे, गाडीवर संसार लादून निघालेली कुटुंबे. १९व्या शतकात लेयार्डने ते शिल्पपट शोधले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

१०/
लाखीश पडत असताना हिज्कीयाने काय केले? राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील नोंद येथे लपवाछपवी करत नाही. त्याने सन्हेरीबकडे निरोप पाठवून चूक कबूल केली आणि खंडणी मान्य केली : ३०० किक्कार रुपे आणि ३० किक्कार सोने. किक्कार म्हणजे आजच्या मापाने तीसएक किलो. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्राही उखडला.

भरवशाचा आदर्श म्हणून ज्या राजाचे नाव घेतले जाते, त्याने आधी बापाचाच मार्ग धरला होता. शास्त्रकारांनी ही ओळ गाळली नाही. खंडणी देऊनही सैन्य मात्र परतले नाही.

११/
मग आला रब्शाके. हे व्यक्तीचे नाव नसून अश्शूरच्या दरबारातील एक हुद्दा आहे. आहाज आणि यशया जेथे भेटले होते, त्याच सडकेवर तो उभा राहिला. त्याचे भाषण हे प्राचीन साहित्यातील मानसिक युद्धाचे उत्तम उदाहरण आहे आणि ‘बाताख’ हा शब्द त्यात पुन्हापुन्हा येतो.

मिसरवर भरवसा? तो तर चेचलेला बोरू. टेकणाऱ्याच्याच हातात घुसेल. स्वतःच्या सैन्यावर? २००० घोडे देतो, स्वार तरी उभे करून दाखवा. देवावर? त्याची उच्चस्थाने तर हिज्कीयानेच पाडली. शिवाय त्या देवानेच आपल्याला पाठवले आहे, असाही रब्शाकेचा दावा होता.

१२/
यहूदाचे अधिकारी अस्वस्थ झाले. राजनीतीची भाषा अरामी होती. तीत बोलावे, तटावरच्या लोकांना कळेल अशा यहूदी भाषेत बोलू नये, अशी त्यांनी विनंती केली. रब्शाकेने आवाज आणखी चढवला. उपासमार याच सामान्य माणसांच्या वाट्याला येणार आहे, असे त्याने सुनावले. शरण आल्यास द्राक्षे, अंजिरे आणि आपल्या विहिरीचे पाणी मिळेल, असे आमिष दाखवले. शेवटी त्याने विचारले की हमाथ, अर्पाद, शोमरोन यांच्या देवांनी कोणाला वाचवले?

प्रश्न बिनतोड होता. शास्त्रात त्याचे वाक्य न् वाक्य जतन झाले आहे. तटावरचे लोक गप्प राहिले.

१३/
हिज्कीयाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसले आणि तो मंदिरात गेला. पुढे अश्शूरांचे धमकीचे पत्र आले, तेव्हा ते त्याने परमेश्वरासमोर उलगडून ठेवले. त्याची प्रार्थना वास्तव नाकारत नाही. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उद्ध्वस्त केली हे खरे आहे, असे तो आधी मान्य करतो आणि मग मागणे मागतो.

खंडणी, करार, सैन्य हे सर्व उपाय संपल्यावर उरलेला हा भरवसा होता. यशयाचे उत्तर आले : सम्राट या नगरात शिरणार नाही, आल्या वाटेने परत जाईल.

१४/
पुढे काय झाले? हिब्रू ग्रंथ सांगतो की परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूर मारले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस मिसरच्या सरहद्दीवरची एक निराळी कथा देतो. तीत उंदरांनी सन्हेरीबच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या.

सन्हेरीबचा स्वतःचा वृत्तांत मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरलेला आहे. १८३०मध्ये निनवेच्या परिसरात सापडलेला हा ‘टेलर प्रिझम’. त्याच्या म्हणण्यानुसार त्याने ४६ तटबंद नगरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्याप्रमाणे कोंडले. खंडणी ३० किक्कार सोने आणि ८०० किक्कार रुपे. सोन्याचा आकडा दोन्हीकडे एकच आहे.

१५/
दोन्ही बाजूंचे मोठे आकडे फुगवलेले असावेत. तरी परस्परविरोधी साक्षीदार चार गोष्टींवर एकमत आहेत : यहूदाचा मुलूख उद्ध्वस्त झाला, हिज्कीयाने खंडणी दिली, यरुशलेम घेतले गेले नाही आणि हिज्कीया गादीवर राहिला.

विजयांची यादी करण्यात कसर न ठेवणारा सन्हेरीब यरुशलेम जिंकल्याचा दावा कोठेच करत नाही. त्याच्या राजवाड्यात लाखीशचे शिल्पपट लागले. बंडखोर मांडलिक गादीवर राहणे ही अश्शूरच्या व्यवहारात साधी गोष्ट नव्हती. कारण रोगराई, खंडणी की अन्य काही, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. नगरातल्या लोकांच्या मनात मात्र वाद नव्हता.

१६/
पण ‘वाचले’ या शब्दाचा अर्थ नीट पाहावा. यशयाच्याच ग्रंथात उरलेल्या सियोनचे चित्र असे आहे : द्राक्षमळ्यातली एकटी खोपी, काकडीच्या शेतातली माळ्याची झोपडी. भोवतालची गावे जळालेली.

यशया राजधानीतला. त्याचा समकालीन मीखा मात्र लाखीशच्या बाजूच्या मोरेशेथ गावचा. अश्शूरचे सैन्य याच पट्ट्यातून गेले. नगरातील पुढारी देव आपल्यामध्ये आहे, आपल्यावर अरिष्ट येणारच नाही, असे म्हणतात. पण न्याय लाच घेऊन करतात, हे मीखाने पाहिले. त्याने बजावले की याच सियोनवर एक दिवस नांगर फिरेल.

१७/
त्यानंतर शंभर वर्षे गेली. सुटकेची आठवण हळूहळू सिद्धान्त बनली. देवाचे मंदिर येथे आहे. मग हे नगर पडूच शकत नाही! ज्या आजोबांनी धास्तावून प्रार्थना केली होती, त्यांच्या नातवंडांना ती सुटका आपला वारसाहक्क वाटू लागली.

इ.स.पू. ६०९मध्ये धर्मसुधारक राजा योशीया मगिद्दो येथे मिसरच्या फारोकडून मारला गेला. त्याचा मुलगा यहोयाकीम याच्या कारकिर्दीच्या आरंभी यिर्मया हा संदेष्टा मंदिराच्या दारात उभा राहिला आणि आत जाणाऱ्या भक्तांना त्याने अडवले.

१८/
लोक मंदिराचे नाव मंत्रासारखे तीनतीनदा घेतात, हे फसवे शब्द आहेत, त्यांवर भरवसा ठेवू नका, असे त्याने सांगितले. शब्द पुन्हा तोच : ‘बाताख’. शंभर वर्षांपूर्वी तो शत्रूच्या तोंडून नगराबाहेर उच्चारला गेला होता; आता तो नगराच्या आत, देवाच्या माणसाकडून आला.

यिर्मयाने अटी ठेवल्या : परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम करू नका, निरपराध रक्त सांडू नका. चोरी, खून, खोटी शपथ करून मंदिरात आश्रय घेणे म्हणजे मंदिराची चोरांची गुहा करणे, असे त्याने ठणकावले.

१९/
त्याने एक दाखलाही दिला : शिलोला जाऊन पाहा. यरुशलेमच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवरचे शिलो हे मंदिरापूर्वीचे पवित्र स्थान. कराराचा कोश तेथे असे. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात कथा आहे : पलिष्ट्यांशी लढताना हरू लागल्यावर लोकांनी तो कोश ताइतासारखा रणांगणावर नेला. लढाई हरली आणि कोशही गेला. शिलोच्या उत्खननात इ.स.पू. ११व्या शतकातील आगीच्या खुणा सापडल्या आहेत.

पवित्र वस्तू जवळ असणे आणि देव आपल्या बाजूला असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असा त्याचा अर्थ.

२०/
याजकांनी यिर्मयाला पकडून मृत्युदंडाची मागणी केली. तेव्हा काही वडीलधारे उठले आणि त्यांनी मीखाचे नाव घेतले : हिज्कीयाच्या काळी त्यानेही हेच भाकीत केले होते, राजाने त्याला मारले नाही, उलट देवाचे भय धरले. शतकापूर्वीच्या एका खेडुत संदेष्ट्याच्या शब्दांनी यिर्मयाचा जीव वाचला. शाफानाचा मुलगा अहीकाम यानेही त्याची बाजू सांभाळली. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा एवढा सुदैवी नव्हता. मिसरातून पकडून आणून त्याला मारण्यात आले.

वडीलधाऱ्यांना इ.स.पू. ७०१ची आठवण होती, पण वेगळी. त्यांना चमत्काराआधीचा पश्चात्ताप आठवत होता.

२१/
इ.स.पू. ५९७मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरपुढे यरुशलेम शरण आले. बाबेलच्या वृत्तांतात त्याची तारखेसह नोंद आहे. राजा, सरदार आणि कारागीर बंदी करून नेले गेले. सिद्कीयाला गादीवर बसवण्यात आले.

काही वर्षांनी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात घोषणा केली : दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, मंदिराची पात्रे परत येतील. यिर्मया तेव्हा गळ्यात लाकडी जू घालून फिरत होता. त्याचे पहिले उत्तर होते ‘आमेन’, तसेच होवो. हनन्याने ते जू मोडले आणि यिर्मया मुकाट्याने निघून गेला. नंतर परत येऊन त्याने सांगितले : या लोकांना तू असत्यावर भरवसा ठेवायला लावले आहेस.

२२/
हनन्याची भाषा श्रद्धेची होती, आशेची होती आणि यशयाच्या भाषेशी तिचे पुष्कळ साम्य होते. खोटा संदेष्टा ओळखणे म्हणूनच कठीण होते. फरक असा की यशयाच्या शब्दांनी राजाला कशावर टेकतोस हे तपासायला लावले. हनन्याच्या शब्दांनी कोणालाच काही तपासावे लागले नाही.

सिद्कीयाने बंड केले. बाबेलचे सैन्य पुन्हा आले. राजाने यिर्मयाकडे माणसे पाठवली : परमेश्वर पूर्वीसारखे अद्भुत कृत्य करील आणि शत्रू निघून जाईल, असे काही होईल का? हिज्कीयाने यशयाकडे माणसे पाठवली होती, अगदी तसेच. यिर्मयाचे उत्तर उलट आले : या वेळी देव तुमच्याविरुद्ध लढेल, जगायचे असेल तर शरण जा.

२३/
वेढ्याच्या भीतीने सिद्कीयाने लोकांशी करार करून हिब्रू दास-दासींना मुक्त करवले. सातव्या वर्षी मुक्तता हा जुना नियमच होता, तो कोणी पाळत नव्हते. मग मिसरचे सैन्य येत असल्याची वार्ता आली, बाबेलच्या फौजा तात्पुरत्या हटल्या आणि धन्यांनी त्याच माणसांना पुन्हा पकडून दास केले.

देवावरचा त्यांचा भरवसा किती खरा होता, याचे माप यिर्मयाच्या ग्रंथात या एका घटनेने घेतले आहे. शत्रू दाराशी होता तोवर वचन पाळले. तो हटताच मोडले.

२४/
बाबेलचे सैन्य परतले. १९३५मध्ये लाखीशच्या वेशीत शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती याच अखेरच्या काळातली. एका खापरावर चौकीवरचा माणूस कळवतो की लाखीशच्या इशाऱ्यांकडे डोळे लावून आहोत, अजेकाचे दिसत नाहीत. यिर्मयाच्या ग्रंथातही शेवटपर्यंत टिकलेली नगरे म्हणून हीच दोन नावे आहेत.

दुसऱ्या एका खापरावर कोणाच्या तरी शब्दांनी लोकांचे ‘हात ढिले पडतात’ अशी तक्रार आहे. सरदारांनी यिर्मयावर हाच आरोप, याच वाक्प्रचारात केला आणि त्याला चिखलाने भरलेल्या हौदात सोडले.

२५/
त्याला वाचवले ते एबद-मेलेख या राजवाड्यातील सेवकाने. तो परदेशी होता, मिसरच्या दक्षिणेकडील कूश देशाचा. राजाकडे जाऊन त्याने अन्यायाविरुद्ध उघड बोलणे केले आणि परवानगी मिळवली. दोर सोडताना काखेत काचू नये म्हणून त्याने जुनी फाटकी वस्त्रेही खाली टाकली.

पुढे यिर्मयाकरवी त्याला निरोप येतो : नगर पडेल, पण तू जगशील, कारण तू परमेश्वरावर भरवसा ठेवलास. ‘बाताख’! त्या नगरात मंदिराचे नाव घेणारे हजारो होते. वेढ्याच्या त्या दिवसांत हे प्रमाणपत्र मात्र चिंध्या गोळा करून एका माणसाला वर काढणाऱ्या परदेशी सेवकाला मिळाले.

२६/
याच वेढ्यात, पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, यिर्मयाकडे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला. अनाथोथ गावची वडिलोपार्जित जमीन विकायची होती. त्या भागात तेव्हा शत्रूचे सैन्य पसरलेले. तरी यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बसवले, खरेदीखतावर मोहोर केली आणि ते मातीच्या मडक्यात ठेवायला बारूखाला सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हा त्यामागचा संदेश.

व्यवहार झाल्यावर मात्र त्यानेच प्रार्थनेत देवाला विचारले : नगर शत्रूच्या हाती जात असताना ही खरेदी कशासाठी? त्याची शंका कृती थांबवायला आली नाही. ती कृतीच्या मागून आली.

२७/
इ.स.पू. ५८६मध्ये (काहींच्या मते ५८७) नगर पडले. तट पाडले, मंदिर जाळले. दावीदनगरातील उत्खननात या आगीने भाजलेल्या पन्नासएक मातीच्या मोहोरा सापडल्या. त्या ज्या कागदपत्रांना लावल्या होत्या, ते जळून गेले. माती मात्र भाजून पक्की झाली. एका मोहोरेवर शाफानाचा मुलगा गमऱ्या याचे नाव आहे. यिर्मयाच्या ग्रंथात त्याच नावाचा माणूस राजाला ग्रंथाची गुंडाळी जाळू नका अशी विनवणी करताना दिसतो.

यिर्मयाने ती जमीन कधी कसल्याचा उल्लेख शास्त्रात नाही. नगर पडल्यावर लोक त्याला आपल्याबरोबर मिसरात घेऊन गेले.

२८/
यशया खरा की यिर्मया? हिब्रू शास्त्राने निवड केली नाही. दोन्ही ग्रंथ जपले. एकाने टिकून राहा म्हटले, दुसऱ्याने शरण जा. दोघांच्या बोलण्यातला धागा मात्र एक आहे : देवावरचा भरवसा म्हणजे देवाला गृहीत धरणे नव्हे. इ.स.पू. ७०१चा चमत्कार इ.स.पू. ५८६साठी हमीपत्र ठरला नाही.

त्याच सुमाराचा संदेष्टा हबक्कूक नीतिमान माणूस आपल्या ‘एमुने’ने जगेल असे सांगतो. हा शब्द मोशेच्या सावरून धरलेल्या हातांचा आहे. जिंकणाऱ्याइतकाच तो हरत असतानाही न ढळणाऱ्याचा आहे.

२९/
मंदिराच्या पतनाचा शोकदिन म्हणून आव महिन्याची नववी तिथी ज्यू समाज आजही उपवासाने पाळतो. इ.स. ७०मध्ये रोमनांनी पाडलेल्या दुसऱ्या मंदिराचे स्मरणही त्याच दिवशी होते.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत, या दिवसाला मराठी नाव दिले : बिरड्याचा सण. नाव पडले ते मोड आलेल्या कडधान्याच्या बिरड्यावरून. यरुशलेमपासून हजारो किलोमीटर दूर, अलिबागच्या आसपासच्या गावांत, पडलेल्या नगराची आठवण अशी स्वयंपाकघरातून पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

(धागा समाप्त)